‘स्लेव्ह’ गेला, ‘चांभारचौकशी’ राहिली

प्रश्न : मी यवतमाळ जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावी सॉफ्टवेअरच्या छोट्या कार्यालयात टीम लीड आहे. आम्ही आठ जण आहोत. जिनिंग आणि शेतकरी उत्पादक कंपन्यांसाठी कापूस खरेदीचे व शेतकरी नोंदणीचे सॉफ्टवेअर हे आमचे मुख्य काम आहे. शिवाय पुण्याच्या एका कंपनीमार्फत परदेशी क्लायंटचेही थोडे काम येते. त्या क्लायंटने यादी पाठवली आहे की ‘मास्टर-स्लेव्ह’ (मुख्य यंत्रणा आणि तिचे ऐकणारी दुय्यम यंत्रणा), ‘ब्लॅकलिस्ट-व्हाइटलिस्ट’ (बंदी असलेल्यांची आणि परवानगी असलेल्यांची यादी), ‘मॅन-आवर्स’, ‘सॅनिटी चेक’ हे शब्द कोडमधून आणि कागदपत्रांतून तीन महिन्यांत काढावेत. आमचे सर्वांत अनुभवी सहकारी, ज्यांना आम्ही सगळे दादा म्हणतो, ते यादी पाहून हसले. “हे २०२० नंतरचे अमेरिकेचे खूळ आहे, आपल्याकडे कोण गुलाम होते?” असे त्यांचे म्हणणे. हेच दादा माझ्या कोड रिव्ह्यूला (इतरांनी लिहिलेल्या कोडच्या तपासणीला) ‘चांभारचौकशी’ म्हणतात, काम लांबले की मुलांना ‘बांगड्या भरा’ म्हणून सुनावतात आणि सर्व्हर अडखळला की ‘लंगडा झाला’ म्हणतात. आमचा एक सहकारी कुबड्या घेऊन चालतो. मालकांचे सांगणे असे की क्लायंटचे काम करून टाका, बाकी वाद वाढवू नका. दादा मनाने वाईट नाहीत. पुण्याच्या लोकांशी कॉलवर मात्र ते फारसे बोलत नाहीत, कारण त्यांच्या वऱ्हाडीला एकदा तिकडे हसले होते. मी काय करावे?

उत्तर :

सरळ उत्तर आधी. क्लायंटची यादी ठरल्या मुदतीत पूर्ण करा, त्यावरून दादांशी वाद घालण्यात फार शक्ती खर्च करू नका, आणि वाचलेली शक्ती तुमच्या स्वतःच्या सॉफ्टवेअरच्या पडद्यांवर व कार्यालयातल्या बोलण्यावर लावा. क्लायंटच्या कोडमधला ‘स्लेव्ह’ हा शब्द तुमच्या तालुक्यात वाचणारी माणसे आठ आहेत. तुमच्या कापूस खरेदीच्या सॉफ्टवेअरमधला मजकूर वाचणारी, किंवा मुलाने वाचून दाखवल्यावर ऐकणारी माणसे त्याहून कितीतरी अधिक आहेत, आणि त्यांच्या वतीने तुम्हाला यादी पाठवणारे कोणी नाही.

दादांचा तारखेचा मुद्दा मात्र दुरुस्त करून ठेवायला हवा. लॉस एंजेलिस काउंटीच्या प्रशासनाने २००३ मध्येच, एका कर्मचाऱ्याच्या तक्रारीनंतर, आपल्या पुरवठादारांना उपकरणांवरची ‘मास्टर’ आणि ‘स्लेव्ह’ ही लेबले टाळण्यास सांगितले होते. जँगो या वेबसाइट बांधण्याच्या साधनसंचाने २०१४ मध्ये हे शब्द सोडून आधी ‘लीडर-फॉलोअर’ आणि मग ‘प्रायमरी-रेप्लिका’ हे शब्द घेतले. पायथन या प्रोग्रॅमिंग भाषेत २०१८ साली यावरून मोठा वाद झाला आणि शेवटी बरेचसे उल्लेख बदलले गेले. मे २०२० मध्ये मिनियापोलिसमध्ये पोलिसांच्या हातून जॉर्ज फ्लॉइड यांचा मृत्यू झाला, त्यानंतर या बदलांना वेग आला. लिनक्स या ऑपरेटिंग सिस्टिमच्या गाभ्याने, म्हणजे कर्नलने, जुलै २०२० मध्ये नव्या कोडसाठी पर्यायी शब्द सुचवणारा नियम स्वीकारला आणि कोड साठवण्याच्या गिटहब या संकेतस्थळाने १ ऑक्टोबर २०२० पासून नव्या रेपोच्या (कोडच्या साठ्याच्या) मूळ ब्रँचचे (शाखेचे) नाव ‘मास्टर’ऐवजी ‘मेन’ केले. म्हणजे हे खूळ असेलच, तर ते दादांच्या समजापेक्षा बरेच जुने आहे.

त्या काळात झालेली टीकाही अगदीच खोटी नव्हती, हे मान्य करून पुढे जाऊ. ब्रँचचे नाव बदलणे स्वस्त असते आणि कोणाला नोकरी मिळते, कोणाला बढती मिळते हे बदलणे महाग असते, त्यामुळे स्वस्त ते आधी उरकण्याचा मोह मोठ्या कंपन्यांना पडतो. गिट या कोडच्या आवृत्त्या सांभाळणाऱ्या प्रणालीत तर ‘मास्टर’ ब्रँचच्या जोडीला ‘स्लेव्ह’ नावाची ब्रँच कधी नव्हतीच. (आपल्या हेडमास्तरांना आणि पोस्टमास्तरांना या प्रकरणात कोणी हात लावत नाही, असे दादांना खुशाल सांगा.) डेटाबेसची गोष्ट वेगळी आहे. तिथे दोन्ही शब्द जोडीने येतात, एक हुकूम सोडतो, दुसरा निमूटपणे त्याची नक्कल करतो, आणि रूपक कोठून उचलले आहे याबद्दल शंका राहत नाही. त्या जोडीला कोणी ‘पाटील’ आणि ‘सालदार’ अशी नावे दिली असती, आणि ज्याचे वडील गुढीपाडव्याला साल ठरवून दुसऱ्याच्या शेतात राबले अशा मुलाला रोज सकाळी ‘सालदार मागे पडला आहे का’ हे तपासायला लावले असते, तर ‘शब्दांनी काय होते’ हे वाक्य आपल्या तोंडून इतक्या सहज निघाले नसते.

‘आपल्याकडे कोण गुलाम होते?’ या प्रश्नाचे उत्तर महाराष्ट्रात तरी दीडशे वर्षांपूर्वी देऊन झाले आहे. जोतीराव फुल्यांनी १८७३ साली आपल्या पुस्तकाचे नावच ‘गुलामगिरी’ ठेवले आणि ते अमेरिकेतल्या कृष्णवर्णीयांना दास्यातून मुक्त करणाऱ्या तिथल्या सज्जनांना अर्पण केले. अमेरिकेतली गुलामी आणि इथली जात यांच्यातला संबंध कोणा परदेशी क्लायंटने आपल्यावर लादलेला नाही. दुसऱ्याने दिलेले नाव नाकारण्याचा लढाही इथला आहे. १९३८ साली मुंबई विधानसभेत स्थानिक मंडळांविषयीच्या विधेयकात ‘हरिजन’ हा शब्द घालण्याचा प्रस्ताव आला, तेव्हा बाबासाहेब आंबेडकर आणि त्यांच्या पक्षाच्या सदस्यांनी त्याला विरोध केला आणि सभात्याग केला. शब्द वरकरणी गोड होता, पण ज्यांना तो लावला जाणार होता त्यांना तो नको होता. अगदी अलीकडे, २०१८ मध्ये, मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठापुढे ‘दलित’ शब्दाच्या वापराचा प्रश्न आला, त्यानंतर माध्यमांनी ‘अनुसूचित जाती’ हा शब्द वापरावा असा सल्ला केंद्र सरकारने दिला, आणि त्यावर अनेक दलित कार्यकर्त्यांनीच आक्षेप घेतला की हा शब्द आम्ही स्वतः निवडलेला आहे. ज्यांच्याविषयी बोलायचे त्यांना आधी विचारावे, हे आपल्या भागातल्या माणसाला शिकवण्यासाठी कॅलिफोर्नियापर्यंत जाण्याची गरज नाही.

आता यादीचे प्रत्यक्ष काम. ‘शोधा आणि बदला’ हे बटण दाबून ते होणार नाही, आणि तसे करून काही बंद पडले तर दादांना हसायला आयते कारण मिळेल. लिनक्सच्या नियमातला एक भाग तुम्ही जसाच्या तसा उचलावा असे मी सुचवेन. नव्या कोडमध्ये जुने शब्द नकोत, पण ज्या नावांवर बाहेरचे प्रोग्रॅम अवलंबून आहेत, किंवा जी एखाद्या हार्डवेअरच्या वा प्रोटोकॉलच्या ठरलेल्या व्याख्येतच आहेत, ती केवळ शब्दासाठी मोडायची नाहीत. रेडिस या डेटाबेसनेही हाच मार्ग घेतला. पाचव्या आवृत्तीत ‘रेप्लिकाऑफ’ हा नवा आदेश आला, पण जुना ‘स्लेव्हऑफ’ चालू राहिला, त्यामुळे कोणाची यंत्रणा रातोरात बंद पडली नाही. तुमच्या एपीआयमधले (दोन प्रोग्रॅममधल्या देवाणघेवाणीच्या जोडणीतले) एखादे फील्ड क्लायंटचे मोबाइल ॲप वापरत असेल, तर नवे नाव त्याच्या शेजारी आणा, दोन्ही काही काळ चालू ठेवा, आणि जुने कधी बंद होणार ती तारीख पुण्याला लेखी कळवा.

ब्रँचचे नाव गिटहबवर बदलले तर उघडे पुल रिक्वेस्ट (कोड सामील करून घेण्याच्या विनंत्या) आणि ब्रँचचे संरक्षण-नियम आपोआप नव्या नावाकडे जातात, वेबवरचे जुने दुवेही वळवले जातात. मात्र कच्च्या फाइलचे दुवे वळत नाहीत, सॉफ्टवेअर सर्व्हरवर चढवणाऱ्या तुमच्या डेप्लॉय स्क्रिप्टमध्ये किंवा आपोआप चालणाऱ्या कामांच्या वर्कफ्लो फाइलमध्ये हाताने लिहिलेले जुने नाव कोणी बदलून देत नाही, आणि प्रत्येकाच्या संगणकावरची प्रत त्याने स्वतःच नव्या ब्रँचशी जोडून घ्यावी लागते. म्हणून हे काम एखाद्या शनिवारी सकाळी, सगळे हजर असताना करा. ‘ब्लॅकलिस्ट’ आणि ‘व्हाइटलिस्ट’ यांच्या जागी ‘ब्लॉकलिस्ट’ किंवा ‘डिनायलिस्ट’ आणि ‘अलाउलिस्ट’ हे शब्द रूढ झाले आहेत, आणि नुकत्याच रुजू झालेल्या मुलाला त्यांचा अर्थ समजावून सांगावा लागत नाही, हा त्यांचा मोठाच फायदा आहे. ‘मॅन-आवर्स’साठी ‘व्यक्ती-तास’ लिहा, ‘सॅनिटी चेक’साठी ‘प्राथमिक तपासणी’ लिहा, यावर चर्चेची बैठक नको.

दादांना पटेल असे एक कारण डेटाबेसमध्ये आहे. मायएसक्यूएल या डेटाबेसने २०२० मध्ये ‘सोर्स-रेप्लिका’ ही शब्दावली स्वीकारायला सुरुवात केली, ८.०.२२ या आवृत्तीपासून ‘शो रेप्लिका स्टेटस’ हा आदेश आला, आणि २०२४ मधल्या ८.४ या आवृत्तीत ‘शो स्लेव्ह स्टेटस’सारखे जुने आदेश काढून टाकण्यात आले. प्रतिकृती मूळ डेटाबेसच्या किती मागे आहे हे सांगणाऱ्या स्तंभाचे नावही बदलले आहे. त्यामुळे रात्री बॅकअप नीट चालला की नाही हे पाहणारी तुमची जुनी स्क्रिप्ट आवृत्ती बदलल्याच्या दिवशी चुकेल, मग तुमची मते काहीही असोत. मारियाडीबी या दुसऱ्या डेटाबेसमध्ये मात्र दोन्ही शब्द चालतात. हे काम दादांनाच द्या, कारण ते त्यांच्याइतके नीट तुमच्याकडे कोणाला जमणार नाही. विचार पटल्याशिवाय माणूस काम करणार नाही, असे समजण्याचे कारण नसते. पुष्कळदा काम हातावेगळे झाले की विरोधातली धार आपोआप ओसरते.

यादी इथे संपली. आता तुमच्या स्वतःच्या सॉफ्टवेअरकडे या.

तुम्ही पत्रात पडद्यांचे वर्णन केलेले नाही, पण अशा सॉफ्टवेअरच्या नोंदणीचा पहिला पडदा बहुधा कसा असतो ते सांगतो. सुरुवातीला संबोधनाची यादी असते, ‘श्री., सौ., कु., श्रीमती’. पुरुषाला एकच पर्याय, तोही त्याचे लग्न झाले आहे की नाही हे न विचारता. बाईला मात्र कापूस विकण्याआधी आपण कुमारिका आहोत, सवाष्ण आहोत की नवरा गेलेल्या आहोत हे वजनकाट्यावरच्या मुलाला सांगावे लागते. काही जुन्या नमुन्यांत ‘गं. भा.’ देखील सापडते. एप्रिल २०२३ मध्ये सरकारी पातळीवर ‘विधवा’ या शब्दाऐवजी ‘गंगा भागीरथी’ वापरण्याचा विचार पुढे आला, तेव्हा राज्यभरातून टीका झाली आणि असा कोणताही निर्णय झालेला नाही हे सांगावे लागले. तो विचार मांडणाऱ्यांना आदरच दाखवायचा असेल, पण बाईची ओळख नवऱ्याच्या मृत्यूवरून ठरावी की नाही, हा मूळ प्रश्न त्या गोड नावाने सुटत नव्हता. तुमच्या पडद्यावर तो सोडवणे त्याहून पुष्कळ सोपे आहे. कापसाच्या वजनाला, आर्द्रतेला, भावाला आणि बँक खात्याला संबोधनाची गरज पडत नाही, तेव्हा ते फील्डच काढून टाका. ज्या जिल्ह्यात कर्ता माणूस आत्महत्येने गेल्यावर शेती, कर्ज आणि मुले एकटीने सांभाळणाऱ्या बायका गावोगाव आहेत, त्या जिल्ह्यात हा बदल कोणत्याही ब्रँचच्या नावापेक्षा मोलाचा आहे.

त्याच्याच खाली ‘वडिलांचे / पतीचे नाव’ हे सक्तीचे फील्ड असते. राज्य सरकारने मार्च २०२४ मध्ये असा निर्णय घेतला की १ मे २०२४ रोजी किंवा त्यानंतर जन्मलेल्यांची नावे सरकारी कागदांवर स्वतःचे नाव, आईचे नाव, वडिलांचे नाव आणि आडनाव अशा क्रमाने लिहिली जातील. तुमचे आजचे शेतकरी अर्थातच त्याआधी जन्मलेले आहेत, पण नावाचे तीन ठरावीक तुकडे धरून बांधलेला डेटाबेस पुढे अडणार आहे, हे मालकांना समजेल अशा भाषेत सांगण्याजोगे आहे. ‘पूर्ण नाव, बँक पासबुकावर आहे तसे’ असे एकच फील्ड ठेवा. जिथे सरकारी नमुना पतीचे वा वडिलांचे नाव मागतोच, तिथे ते मागा, पण सक्ती तेवढ्याच नमुन्यापुरती असू द्या. लिंगाचे फील्ड खरोखर लागत असेल तर त्यात ‘तृतीयपंथी’ हा पर्याय नावानिशी असावा. सर्वोच्च न्यायालयाने एप्रिल २०१४ मध्येच ती ओळख मान्य केली आहे, आणि ‘इतर’ हा शब्द माणसासाठी वापरण्याजोगा नाही.

यानंतर वस्तीच्या नावांची यादी तपासा, आणि हे काम पुढे ढकलू नका. ‘महारवाडा’, ‘मांगवाडा’, ‘बामणपुरा’ अशी नावे जुन्या ग्रामपंचायत नोंदींतून उचलून सॉफ्टवेअरच्या यादीत आलेली असतात आणि मग पत्ता म्हणून पावतीवर छापली जातात. डिसेंबर २०२० मध्ये राज्य मंत्रिमंडळाने वस्त्यांची आणि रस्त्यांची जातिवाचक नावे बदलण्याचा निर्णय घेतला आणि समतानगर, भीमनगर, ज्योतीनगर, शाहूनगर, क्रांतीनगर यांसारखी नावे सुचवली. तुम्ही स्वतः नावे ठरवायला बसू नका, ग्रामपंचायतीने जे नाव घेतले असेल तेच पडद्यावर आणा. डेटाबेसमध्ये वस्तीला एक क्रमांक असावा आणि नाव त्याच्या शेजारच्या तक्त्यात असावे, म्हणजे जुन्या घरनोंदीशी जुळवणीही होईल आणि पावतीवर माणसाची जातही छापली जाणार नाही. हा बदल एका माणसाच्या दोन दिवसांच्या कामापेक्षा मोठा नसावा. मग तो इतकी वर्षे का झाला नाही, याचे कारण तांत्रिक नाही.

मोबाइलवर जाणाऱ्या संदेशांचे पाहा. ‘प्रिय शेतकरी बंधू, आपण नोंदणीकृत झाला आहात’ असा संदेश ज्या कास्तकार बाईच्या नावावर सातबारा आहे तिच्या फोनवर येतो, तेव्हा तो चुकून आपल्याकडे आला असे तिला वाटले तर नवल नाही. केंद्र सरकारच्या २००७ च्या राष्ट्रीय शेतकरी धोरणाने ‘शेतकरी’ या शब्दात खंडाने वा बटईने कसणारे आणि शेतमजूरही धरले, आणि स्त्रियांचा वेगळा विचार केला, पण आपल्या संदेशातला शेतकरी अजून बंधूच आहे. इथे मराठी व्याकरण तुमच्या बाजूने आहे. शाळेत ज्यांना कर्मणी आणि भावे प्रयोगाचा कंटाळा आला होता, त्यांना त्याचा उपयोग आता दिसेल. ‘आपण नोंदणीकृत झाला आहात’ याऐवजी ‘आपली नोंदणी झाली आहे’ असे लिहिले की लिंगाचा प्रश्नच उरत नाही. ‘तुम्ही माहिती भरली’ हे वाक्य बाईलाही चालते आणि पुरुषालाही, कारण क्रियापद माहितीप्रमाणे चालते. घोषणापत्रात ‘मी असे जाहीर करतो की’ याच्या जागी ‘मी असे जाहीर करत आहे की’ पुरते. ‘तुम्ही लॉगआउट झाला आहात’ याच्या जागी ‘लॉगआउट झाले आहे’ लिहावे. तिरकी रेघ मारून ‘करतो/करते’ लिहिण्याची गरज क्वचितच पडते. ‘बंधू-भगिनींनो’ही नको, ‘नमस्कार’ म्हणून थेट वजन आणि रक्कम सांगितलेली लोकांना अधिक आवडते.

एवढे झाल्यावर कार्यालयातल्या बोलण्याकडे या. खरी अडचण तिथे आहे, कारण सर्व्हरवरचा शब्द उलटून बोलत नाही आणि दादा बोलतात.

दादांशी बोलण्याआधी दादांसाठी एक गोष्ट करा. पुण्याच्या समन्वयकाला स्वच्छ शब्दांत कळवा की आमच्या सहकाऱ्याच्या बोलीला कॉलवर हसलेले आम्हाला चालणार नाही, आणि पुढच्या कॉलवर डेटाबेसच्या बदलाची माहिती दादा स्वतः त्यांच्या मराठीत देतील. कॉलचे विषय आदल्या दिवशी लेखी मागवा, म्हणजे ऐनवेळी इंग्रजीत उत्तर देण्याची तारांबळ त्यांच्यावर येणार नाही. हे केवळ डावपेच म्हणून सांगत नाही. कार्यालयातल्या सर्वांत जाणत्या माणसाला बोलीच्या लाजेने गप्प बसावे लागते, ही तुमच्या पत्रातल्या तक्रारींपैकी एक आहे आणि ती बाकीच्यांइतकीच खरी आहे. क्लायंटच्या यादीत तिचा उल्लेख नाही, म्हणून ती लहान ठरत नाही.

त्यानंतर दादांना एकट्याला गाठा. चारचौघांत नको, आणि क्लायंटची यादी हातात घेऊन तर मुळीच नको. ‘चांभारचौकशी’विषयी एवढेच सांगा की माझ्या तपासणीला तुम्ही किचकट म्हणा, कटकट म्हणा, पण निरर्थक प्रश्न विचारण्याला एका समाजाचे नाव देऊ नका. त्यांनी विचारले की ‘आपल्यात त्या समाजाचा आहे तरी कोण?’, तर त्याचे उत्तर देऊ नका आणि स्वतःही शोधायला जाऊ नका. जात सांगितल्याशिवाय काम करता यावे, याचसाठी तर हे बोलणे चालले आहे. ‘बांगड्या भरा’ या वाक्यातला अपमान मुलांचा आहे असे दादांना वाटत असेल, पण ते ऐकणारी टीम लीड बांगड्या घालत असेल वा नसेल, आपले बाईपण कमीपणाचे माप म्हणून वापरले जात आहे हे तिला कळते. हे तुम्ही स्वतःविषयी म्हणून सांगा, समस्त स्त्री-जातीच्या वतीने नको. दादांना उत्तर देणे त्यामुळे कठीण जाईल.

कुबड्या वापरणाऱ्या सहकाऱ्याच्या नावाने मात्र भांडू नका. ‘लंगडा झाला’ हे वाक्य त्याला खुपते की नाही हे तुम्हाला ठाऊक नाही, आणि सगळ्यांसमोर त्याला ‘तुला कसे वाटते’ असे विचारणे हा दुसरा त्रास होईल. ‘सर्व्हर बंद पडला’ हे वाक्य तुम्ही स्वतः नेमाने वापरत राहा, कारण आठ जणांच्या खोलीत शब्द पसरायला वेळ लागत नाही. ‘अपंग’, ‘दिव्यांग’ की आणखी काही, यावर त्याचे स्वतःचे मत असेल. ‘दिव्यांग’ हा सरकारी शब्द डिसेंबर २०१५ नंतर रूढ झाला, पण अनेक अपंग कार्यकर्त्यांना त्यातले दैवीपण पटलेले नाही. कागदावर सरकारी शब्द वापरा, त्याच्याशी बोलताना त्याच्या नावाने बोला. कार्यालय जिन्यावर असेल, किंवा संडासात धरायला कठडा नसेल, तर या परिच्छेदातल्या कोणत्याही शब्दाच्या आधी तो कठडा बसवून घ्या. २०१६ च्या अपंग हक्क कायद्याचा रोखही शब्दांपेक्षा अशा सोयींकडे अधिक आहे.

कायद्याची भाषा पहिल्याच दिवशी काढू नका, पण तो ठाऊक असू द्या. कामाच्या ठिकाणी होणाऱ्या लैंगिक छळाविरुद्धच्या २०१३ च्या कायद्याप्रमाणे दहा किंवा अधिक माणसे असलेल्या ठिकाणी अंतर्गत समिती लागते. तुमच्यासारख्या आठ जणांच्या कार्यालयातल्या बाईला जिल्ह्याच्या स्थानिक समितीकडे तक्रार करता येते. ‘बांगड्या भरा’ या वाक्याला त्या कायद्यात ओढण्याची घाई मी करणार नाही, पण बोलणे अंगावर, कपड्यांवर किंवा लैंगिक टोमण्यांवर घसरले तर थांबू नका. तसेच, अनुसूचित जाती-जमातीच्या माणसाला त्या समाजाबाहेरच्या कोणी लोकांच्या नजरेसमोर जातीच्या नावाने शिवी देणे हा १९८९ च्या अनुसूचित जाती-जमाती अत्याचार प्रतिबंधक कायद्याखाली गुन्हा आहे. तिथपर्यंत गोष्ट गेली तर ती ‘आपसातली थट्टा’ राहत नाही, हे मालकांनाही सांगून ठेवा.

मालकांचा प्रश्न राहिला. त्यांना वाद नको आहे, तेव्हा त्यांच्यापुढे वाद नेऊ नका, कामांचा अंदाज न्या. मायएसक्यूएलची आवृत्ती बदलताना अडणारी स्क्रिप्ट, नावाच्या फील्डमुळे पुढे येणारी अडचण, वस्त्यांचा तक्ता, संदेशांचा मजकूर, आणि प्रत्येकाला लागणारे दिवस. समावेशकता हा शब्द त्या कागदावर लिहिला नाही तरी चालेल. तरीही त्यांनी नकार दिला, तर क्लायंटची यादी पूर्ण करा आणि नव्याने लिहिल्या जाणाऱ्या प्रत्येक पडद्यात नीट मजकूर घाला, त्यासाठी कोणाची परवानगी लागत नाही. जुने पडदे पावसाळ्यातल्या दुरुस्तीच्या कामांत एकेक करून घ्या आणि दसऱ्याच्या आत संपवा, कारण एकदा कापूस जिनिंगच्या फाटकाशी येऊन उभा राहिला की दिवाळी उलटेपर्यंत तुमचे मालक कोणालाही चालू सॉफ्टवेअरमधल्या एका अक्षराला हात लावू देणार नाहीत, आणि त्यात त्यांचे काही चुकणारही नाही.